छापील मासिक मोबाईलवर आणायचंय, पण नुसती पीडीएफ नको. कसं करावं?

वारणाकाठ:

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, वेळ काढून वाचा.

आमचं एक मासिक आहे, सांगली जिल्ह्यातून निघतं. सत्तरच्या दशकात माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या मास्तर मित्रांनी सुरू केलं, आता संपादनाचं काम माझ्याकडे आलंय. नाव देत नाही, उगाच जाहिरात केल्यासारखं होईल. दर महिन्याला ६४ पानी अंक आणि दिवाळीला जाड. कथा, कविता, शेतीवरचं एक सदर, शाळामास्तरांचे अनुभव, वाचकांची पत्रं आणि मागच्या बाजूला शब्दकोडं. वर्गणीदार म्हणजे निवृत्त शिक्षक, तालुक्याची ग्रंथालयं, आणि बऱ्याच माहेरवाशिणी ज्यांना वडिलांनी लग्नानंतर वर्गणी भरून अंक सासरी सुरू करून दिला आणि पुढे त्यांनी स्वतः भरत चालू ठेवला. ह्या बायकांवर आमचं मासिक उभं आहे हे मला पत्रं वाचताना कळलं.

आता त्यांची मुलं पुणे, बंगळुरू, कुणी परदेशात. ती विचारतात अंक मोबाईलवर मिळेल का. कागदाचे भाव वाढलेत, टपालात अंक गहाळ होतात, ते वेगळंच. सध्या आम्ही काय करतो, तर प्रेसला जी पीडीएफ जाते तीच व्हॉट्सॲपवर पाठवतो. फाईल भरपूर फिरते, पण वाचत कुणी नाही. पान दोन कॉलमी आहे, मोबाईलवर बोटांनी मोठं करायचं, एक कॉलम खालपर्यंत वाचायचा, मग परत वर सरकवत दुसऱ्या कॉलमच्या डोक्याशी जायचं, त्यात फोन आला की जागा हरवते. माझी स्वतःची मुलगी कथेचं दुसरं पान संपायच्या आत फोन ठेवते, आणि ती वाचणारी मुलगी आहे.

माणसं तीनच, मी, प्रेसमधले डीटीपीवाले म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणारे दादा आणि प्रूफं बघणारे एक निवृत्त गुरुजी. ॲप वगैरे बनवायला पैसा नाही. पण अंक अंकासारखा राहावा आणि फोनवर माणूस त्यात रमावा अशी मनापासून इच्छा आहे. सुरुवात कुठून करू? जुने बांधीव अंक पण आहेत कपाटात, त्यांचं काय करता येईल?

---

खिळाजुळारी:

ताई, मी आयुष्यभर डीटीपी केलंय, आधी पेजमेकरवर आणि आता इनडिझाईनवर, त्यामुळे मुळापासून सांगतो. तुमची पहिली अडचण वेबसाईट नाही, तुमचा मजकूर आहे. दादांना विचारा अंक कुठल्या फॉन्टमध्ये लागतो. श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमचा जुना फॉन्ट असेल तर तुमच्या पीडीएफमध्ये मराठी अक्षरं नाहीतच, दिसायला मराठी पण आत इंग्रजी खुणा. पडताळायचं असेल तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. कचरा आला तर समजा जुना फॉन्ट आहे. असा अंक गुगलला सापडत नाही, अंध वाचकाचा फोन तो वाचून दाखवू शकत नाही, आणि स्वतःच्याच अंकात तुम्हाला एखादं नाव शोधता येत नाही.

त्यामुळे सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणावा लागेल. कन्व्हर्टर मिळतात, काम करतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर, म्हणजे जसं दिसतं तसं. युनिकोडमध्ये जसा उच्चार तसा क्रम. कन्व्हर्टर ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षर मोठं असलं की चुकतो आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. दुसरं म्हणजे 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' ह्यातला अर्धा र. कन्व्हर्टरमधून तो हमखास 'दुसर्या', 'वार्यावर' असा रफार होऊन येतो. तिसरं, ॲ. हा एक सलग अक्षर म्हणूनही टाईप होतो आणि अ वर चंद्र देऊनही होतो, दिसतात सारखे पण शोधताना मशीनला ते दोन वेगळे शब्द वाटतात. गुरुजींना ह्या तीन गोष्टींची यादी करून द्या आणि आधी फक्त तेवढंच बघायला सांगा. नेहमीचं प्रूफ नंतर.

आणि मथळे! कोरल ह्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले मथळे बहुतेक वेळा कर्व्ह केलेले असतात, म्हणजे ती अक्षरं नसून चित्रं असतात. ते हातानेच परत टाईप करावे लागतील, पण ते किती असणार, अंकामागे वीस-पंचवीस.

पुढच्या अंकापासून मात्र क्रम उलटा करा. लेखकाकडून आलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये टाईप, त्यावरच प्रूफ, आणि तो अंतिम झाला की मगच एकीकडे पान लावायला आणि एकीकडे वेबला. इनडिझाईनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की युनिकोड मराठी नीट लागतं, जोडाक्षरं तुटत नाहीत. पेजमेकर असेल तर तो सोडावाच लागेल, त्याला युनिकोड येत नाही. दादा कुरकुर करतील, हाताची सवय मोडायला कुणालाही जड जातं. त्यांना इनस्क्रिप्ट हा सरकारी मराठी कीबोर्ड शिकायची सक्ती करू नका, फोनेटिक म्हणजे इंग्रजी बटणांवर उच्चाराप्रमाणे टाईप करायची पद्धत वापरू द्या, नाहीतर गुगल डॉक्समध्ये बोलून टाईप करू द्या. छापलेल्या पानावरून वेबला गेलात तर दर महिन्याला हीच हमाली, आणि मजकुरावरून दोन्हीकडे गेलात तर एकदाच काम.

---

क्लिकक्लिक:

फ्लिपबुक करा ना! पानं उलटल्याचा आवाज येतो, भारी दिसतं. आणि इन्स्टावर कवितांच्या रील्स टाका, तरुण लोक येतील.

---

ठाणेकर_वेबवाला:

रील्स चालतील, माणसं अंकापर्यंत आणायला उपयोगी आहेत. फ्लिपबुक मात्र नको. ती पीडीएफच असते, फक्त पान उलटल्याचा देखावा. तोच दोन कॉलमी मजकूर, तेच बोटांनी मोठं करणं, वर फाईल जड. लॅपटॉपवर बरी वाटते, पण ताईंचे वाचक फोनवाले आहेत.

ताई, ॲपचा विचारही करू नका, साधी वेबसाईट पुरते. वर्डप्रेस ह्या साईट बनवायच्या सॉफ्टवेअरवर होते, वर्षाचं डोमेन (साईटचं नाव) आणि होस्टिंग (साईट ठेवायची जागा) एवढाच खर्च. प्रत्येक लेखाला स्वतःचं पान आणि स्वतःची लिंक हवी, कारण लोक अख्खा अंक पाठवत नाहीत, 'ही कथा वाच' म्हणून एक कथा पाठवतात. लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की खाली जो चौकोन दिसतो, चित्र, नाव आणि दोन ओळी, तो तुम्ही ठरवायचा असतो. बहुतेक साईटवर तिथे लोगो आणि काहीतरी अर्धवट वाक्य येतं. तुमच्याकडे चित्रकार असतील तर प्रत्येक कथेचं चित्र तिथे लावा, आणि दोन ओळी कथेतल्याच निवडून द्या, सारांश नको.

आता अक्षरांबद्दल, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. पानाच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी आहे असं सांगा. तयार थीम बहुतेक वेळा इंग्रजी नाहीतर हिंदी धरून चालते, आणि मग बऱ्याच फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श दिसला नाही की जुन्या वाचकाला पान परकं वाटतं, का ते त्याला सांगता येत नाही, पण वाटतं. टिरो देवनागरी मराठी नावाचा फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे, त्यात मराठी वळणच मुळात आहे आणि तो पुस्तकी दिसतो, कथांसाठी मी तोच वापरीन. मथळ्यांना मुक्त घ्या, तो 'एक टाईप' ह्या आपल्याच फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे.

अक्षर मोठं ठेवा, १८-१९ पिक्सेलच्या खाली नको. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन पट तरी, कारण आपल्याकडे वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतो, ओळी जवळ आल्या की ते एकमेकांत घुसतात. मथळ्याची अक्षरं सुटी-सुटी करायची फॅशन आहे ती करू नका, शिरोरेघ तुटते. इटालिक पण नको, देवनागरीत ते मुळात नाही, ब्राउझर अक्षर नुसतं तिरकं ढकलतो. आणि दोन्ही कडा सरळ करायचा अट्टाहास नको, फोनच्या अरुंद ओळीत शब्दांमध्ये खड्डे पडतात.

पान हलकं ठेवा. गावाकडे नेट कधी असतं कधी नसतं. कथेचं पान उघडलं की मजकूर आधी दिसला पाहिजे, चित्र मागून आलं तरी चालेल.

---

वारणाकाठ:

खूप आभार दोघांचे! ओळ पेस्ट करून बघितली, कचराच आला. दादांशी बोलते.

एक राहिलं सांगायचं, आमचं शब्दकोडं. कथांवर पत्रं येतात त्यापेक्षा कोड्याची उत्तरं जास्त येतात, पोस्टकार्डावर चौकोन आखून भरून पाठवतात लोक, काहींची अक्षरं तर आता मी पत्ता न बघता ओळखते. अंक हातात आल्यावर आधी मागून उघडणारे कितीतरी आहेत. हे फोनवर सोडवता येईल असं करता येतं का? नुसतं चित्र टाकून काही उपयोग नाही, पेन कुठे चालवणार.

---

ठाणेकर_वेबवाला:

येतं, आणि ताई माझं ऐकाल तर वेबवर सगळ्यात आधी हेच करा. दर महिन्याला परत यायला लावणारी ह्याच्यासारखी दुसरी गोष्ट तुमच्या अंकात नाही.

पण तयार इंग्रजी कोड्याचं सॉफ्टवेअर आणून त्यात मराठी भरू नका. इंग्रजीत एक चौकोन म्हणजे एक बटण दाबणं. आपल्याकडे 'स्त्री' एका चौकोनात बसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी त्यात सहा खुणा आहेत, स, पाय मोडणारं चिन्ह, त, परत पाय मोडणारं चिन्ह, र आणि वेलांटी. इंग्रजी कोडं पहिला स पडला की लगेच पुढच्या चौकोनात उडी मारतं, वाचकाला वेलांटी द्यायलाच मिळत नाही. मी एका ओळखीच्यांसाठी हे केलंय तेव्हा उडी मारणंच बंद केलं, वाचक अक्षर पूर्ण करतो आणि स्वतः पुढच्या चौकोनावर बोट ठेवतो. आणखी सोपं म्हणजे अख्खा शब्द एका ओळीत लिहू द्यायचा आणि मग तो चौकोनांत वाटायचा. वाटण्याचं काम ब्राउझर करतो, पण देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. जुन्या फोनवर 'स्त्री'चे अजून तुकडे पडतात, त्यामुळे हा नियम आपल्या कोडमध्ये वेगळा लिहून ठेवायचा. कॉलेजातल्या एखाद्या हुशार पोराला सांगितलंत तर करून देईल, अवघड नाही, फक्त त्याला हे आधी सांगावं लागतं.

उत्तर लगेच दाखवू नका. पुढच्या अंकातच द्या, छापील अंकासारखं. आणि बरोबर सोडवणाऱ्यांची गावासकट यादी देत असाल तर वेबवाल्यांची नावं आणि पोस्टकार्डवाल्यांची नावं एकाच यादीत द्या, वेगवेगळी नको.

---

पाठकोरी:

मी तांत्रिक माणूस नाही, वाचणारी बाई आहे, दापोलीत राहते. मला एक सांगावंसं वाटतं.

सुटे लेख वेबवर ढिगाने आहेत. मी अंक घेते तो कुणीतरी विचार करून ह्या कथेनंतर ही कविता लावली आहे म्हणून. जड लेखानंतर हलकं काहीतरी येतं, मध्ये व्यंगचित्र येतं. वेबवर सगळं 'नवीन आधी' अशा उतरंडीत लावतात आणि महिन्याचा अंक होता हेच कळत नाही. तर प्रत्येक लेखाचं पान वेगळं ठेवा, जरूर ठेवा, पण लेख संपला की खाली 'ह्या अंकात पुढे' म्हणून पुढचाच लेख द्या, तुम्ही लावलेल्या क्रमाने. 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून जुनंपुराणं काही नको. अनुक्रमणिका असू दे, मुखपृष्ठ असू दे, आणि शेवट असू दे. अंक वाचून संपला ह्यात समाधान असतं, फोनवर कुठलीच गोष्ट संपत नाही म्हणून तर माणूस वैतागतो.

तारीख पाळा. १ तारखेला म्हणजे १ तारखेला, सकाळी. काही जण अंक तयार होईल तसा रोज एक लेख टाकतात, त्यालाही माझा विरोध नाही, 'साधना' साप्ताहिकाने २०१९ मध्ये 'कर्तव्य साधना' म्हणून वेगळं पोर्टल काढलं ते मी वाचते, तिथे लेखासोबत ऐकायला आणि बघायलाही असतं. पण त्यांनी साप्ताहिक आहे तसं ठेवून ते निराळं काढलं, आणि त्यांच्यामागे १९४८ पासूनची संस्था आहे. तीन माणसांनी रोजचं अंगावर घेऊ नये.

जुन्या अंकांसाठी 'किशोर' बघा. बालभारतीचं मासिक, १९७१ पासूनचे अंक त्यांनी वेबवर फुकट खुले केलेत. मी लहानपणी वाचलेला अंक नातवाला फोनवर उघडून दाखवला, तीच चित्रं, तोच कागदाचा पिवळा रंग. तिथे पान जसंच्या तसं स्कॅन करून दिलंय आणि जुन्या अंकाला तेच शोभतं. म्हणजे नवीन अंक वाचायला सोयीचा आणि जुना अंक जसा होता तसा, असं दोन रीतींनी करा.

आणि कविता कवीच्या आवाजात द्या. तुमच्याकडचे ग्रामीण कवी ज्या लयीत म्हणतात ती छापील ओळीत अर्धीच येते. कृपा करून मागे संगीत लावू नका.

---

वारणाकाठ:

पाठकोरीताई, 'ह्या अंकात पुढे' हे मी वहीत लिहून घेतलं. क्रम लावताना सासरे अख्खी रात्र जागायचे, जमिनीवर सगळे लेख पसरून. तेच वेबवर विस्कटणार ह्याची मला सगळ्यात धास्ती होती.

आवाजाचं करता येईल, दोन-तीन कवी तर इस्लामपुरातच आहेत. रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागेल का?

---

खिळाजुळारी:

नाही लागत. साधा फोन, पंखा बंद, आणि कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून बसवा, खोलीचा घुमारा कपडे शोषून घेतात. फोन तोंडासमोर न धरता जरा बाजूला, म्हणजे प आणि फ चा वारा माईकवर आदळत नाही. फाईल ६४ केबीपीएस मोनोमध्ये ठेवली तर मिनिटाला अर्ध्या एमबीच्या आत बसते, कवितेला तेवढं पुरतं.

---

काळाकोट:

सगळे छान सांगतायत पण एका गोष्टीकडे कुणी वळलं नाही. ताई, जुने अंक स्कॅन करून टाकण्याआधी थांबा. मासिक तुमचं असलं तरी त्यातलं साहित्य तुमचं नाही.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बाहेरच्या लेखकाने मासिकाला कथा दिली तर हक्क लेखकाचाच राहतो, लेखी करून दिला नसेल तर. तुमच्या मासिकाने मानधन दिलं, पोस्टाने मनीऑर्डर केली, म्हणजे हक्क विकत घेतला असं होत नाही, तुम्ही एकदा छापायची परवानगी घेतलीत एवढंच. पगारी सहसंपादकाने लिहिलेलं असेल तरी मालकाचा हक्क मासिकात छापण्यापुरता धरलाय, बाकीचा लेखकाकडे. त्यात लेखी करार असला आणि मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने असं आलं की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा सर्रास वापरात नव्हतं, ते करारात नाव घेऊन लिहिलं असेल तरच धरायचं. १९७८ च्या कागदावर वेबसाईट कुठून येणार?

म्हणून असं करा. जे लेखक हयात आहेत त्यांना एक पानी पत्र, सोप्या मराठीत, 'तुमची अमुक कथा अमुक अंकातली, ती आमच्या वेबसाईटवर ठेवायला आणि ऐकवायला परवानगी आहे', खाली सही. ऐकवायला हा शब्द विसरू नका, आवाजाचा हक्क निराळा. जे गेले त्यांच्या वारसांना. हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून. म्हणजे मर्ढेकर १९५६ ला गेले, त्यांचं लिखाण २०१७ पासून सगळ्यांचं झालं. पण तुमचं मासिक सत्तरच्या दशकातलं, तुमचे लेखक तेव्हा हयात होते, त्यामुळे ह्या सवलतीत जवळजवळ कुणीच बसणार नाही. ज्यांचा पत्ताच लागत नाही त्यांच्यासाठी कायद्यात कलम ३१अ आहे, अर्ज करून परवाना घेता येतो, पण त्याआधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते, तो खर्च तुम्हाला झेपणारा नाही.

चित्रकार आणि छायाचित्रकार हेही लेखकच धरा, त्यांना सगळे विसरतात. आणि इथून पुढे प्रत्येक लेखकाकडून लेख स्वीकारतानाच छापील, वेब आणि आवाज तिन्हींची परवानगी घ्या. मोठा करार नको, ईमेलला उत्तर म्हणून नीट लिहिलेलं आलं तरी हाताशी काहीतरी राहतं, पण सही घेतलेली बरी. लेखक सहसा नाही म्हणत नाहीत, उलट जुनी कथा कुणाला आठवतेय म्हणून त्यांना बरं वाटतं. विचारलं नाही तर मात्र दुखावतात, आणि ते दुखावणं रास्त आहे.

---

हिशोबनीस:

पैशाचं कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो, नाहीतर हे सगळं दोन दिवाळ्यांत बंद पडेल.

मराठीत वेबवरचे दिवाळी अंक काही नवीन नाहीत, मायबोली ह्या साईटवर निघाले, ऐसी अक्षरे ह्या साईटवर निघाले, चांगले निघाले. पण ते हौसेने, स्वयंसेवकांनी केलेले आणि वाचायला फुकट. मासिकाला कागद, छपाई, टपाल, मानधन असतं. दिवाळी अंकाची परंपरा १९०९ ला का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासून धरतात, तेव्हापासून आजतागायत अंक जाहिरातीवर उभा राहतो. तुमच्याकडे जाहिरात कोण देतं? सहकारी बँक, साखर कारखाना, सराफ, कोचिंग क्लास. ही मंडळी पान बघून पैसे देतात, वेबवरचं चौकोनी बॅनर त्यांना पटत नाही. त्यांना सांगा की छापील पानासोबत कोड्याच्या पानावर वर्षभर 'हे कोडं अमुक यांच्या सौजन्याने' एवढी एक ओळ राहील. कोड्यावर वाचक किती वेळ थांबतो ते त्यांना लगेच समजेल. लेखाच्या मध्ये उड्या मारणाऱ्या गुगलच्या जाहिराती लावू नका, पैसे किरकोळ आणि कथेचा सत्यानाश.

वर्गणी तीन प्रकारची करू नका, लोक गोंधळतात. छापील वर्गणीदाराला वेब आपोआप, वेगळे पैसे नाहीत. नुसती वेब वर्गणी त्यापेक्षा बरीच कमी. अंकातल्या दोन-तीन गोष्टी आणि कोडं सगळ्यांना खुलं, बाकी वर्गणीदाराला. यूपीआयची ऑटोपे सोय आहे, एकदा मान्यता दिली की दर वर्षी पैसे आपोआप जातात, १५,००० रुपयांच्या आतल्या रकमेला दर वेळी पिन टाकावा लागत नाही. तुमच्या माहेरवाशिणी मनीऑर्डर करायच्या, आता त्यांच्या लेकीसुनांना एकदाच बसून हे करून द्यायला सांगा. लॉगिन पासवर्डचं झंझट ठेवू नका, मोबाईल नंबर आणि ओटीपी पुरे, निवृत्त गुरुजींना पासवर्ड आठवत नाही आणि दर महिन्याला तुम्हालाच फोन येईल.

परदेशातल्या लोकांबद्दल मात्र जपून. 'मासिकाला मदत करा' असं देणगीचं बटण लावू नका. २०१० च्या एफसीआरए ह्या परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या कलम ३ मध्ये नोंदणीकृत वृत्तपत्राच्या संपादकाला, मालकाला, प्रकाशकाला परदेशी देणगी घ्यायला बंदी आहे, आणि नोंदणीकृत मासिकही त्यात धरलं जाऊ शकतं. भारतीय पासपोर्टवाला मुलगा अमेरिकेतून आपल्या पगारातून पाठवतो ते वेगळं, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याने दिलेली देणगी परदेशी धरतात. वर्गणी हा अंकाचा मोबदला आहे, तिची रीतसर पावती द्या. तरी सीएला एकदा दाखवून घ्या.

व्हॉट्सॲपचं पण सांगतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ च माणसं बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो. चॅनल काढा, त्यात वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. महिन्याला चारच निरोप, अंक आला, मध्ये एक कथा, एक कविता, आणि कोड्याची मुदत. रोज सुप्रभात पाठवलंत की लोक म्यूट करतात.

---

पाठकोरी:

वाचकांच्या पत्रांचं कुणी बोललं नाही. लेखाखाली कॉमेंट उघडी ठेवली की 'छान', 'मस्त', हात जोडलेले, ह्यापलीकडे काही येत नाही. तुमच्याकडे अजून पत्रं येतात ही फार मोठी गोष्ट आहे. कॉमेंट बंद ठेवा, त्याऐवजी लेखाखाली 'संपादकांना लिहा' असं ठेवा, आणि निवडक पत्रं पुढच्या अंकात छापा, वेबवर त्या लेखाखालीही लावा. ज्याला टाईप करायचा कंटाळा आहे त्याला बोलून पाठवू दे, तुम्ही उतरवून घ्या. माझ्या वयाच्या बायका व्हॉट्सॲपवर लिहीत नाहीत पण बोलतात खूप छान.

---

वारणाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून सगळं उतरवून काढलं आणि गुरुजींनाही वाचून दाखवलं. अर्धा र, वेलांटी आणि ॲ ची यादी त्यांनी लगेच स्वतःच्या अक्षरात करून घेतली.

असं ठरवलंय. दिवाळी अंक ह्या वर्षी नेहमीसारखाच निघेल, त्यात प्रयोग नको. वेबवरचा पहिला अंक जानेवारीचा, कथा-कवितांची पानं, क्रम छापील अंकाचाच, आणि कोडं सगळ्यांना खुलं. आवाज फक्त कवितांना. जुने अंक आत्ता नाहीत, आधी लेखकांची पत्रं, त्याची सुरुवात हयात लेखकांपासून करते कारण बरेच जण ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्याकडे तर मी स्वतः जाऊन येणार आहे. पोस्टकार्डवाल्यांची आणि वेबवाल्यांची यादी एकच.

एकच विचारायचंय. दादांकडे पंधरा-सोळा वर्षांच्या फायली आहेत, पेजमेकरच्या आणि थोड्या कोरलच्या. त्याआधीचं नुसतं कागदावर. परवानगी मिळाली की त्यातल्या निवडक कथा नव्या रूपात आणायला आवडेल, कागदावरून मजकूर काढायचा म्हणजे सगळं परत टाईप करायचं का?

---

खिळाजुळारी:

फायली आहेत त्यांचं कन्व्हर्ट करा, पण आधी त्या सगळ्या एका बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवा, आजच, आणि सोबत त्या फॉन्टच्या फायलीही. फॉन्ट हरवला तर पेजमेकरची फाईल उघडूनही उपयोग नाही, नुसत्या इंग्रजी खुणा दिसतील.

कागदावरच्यासाठी स्कॅन करून गुगल ड्राईव्हवर टाका आणि गुगल डॉक्सने उघडा, तो अक्षरं ओळखून मजकूर काढून देतो. ३०० डीपीआयला करा, आणि दोन कॉलम असतील तर पान उभं अर्धं कापून वेगवेगळं द्या, नाहीतर दोन्ही कॉलमच्या ओळी एकमेकांत मिसळतात. जुन्या खिळ्यांच्या छपाईत घ आणि ध, भ आणि म ह्यांत तो फसतो, आणि अनुस्वार गाळतो, कागदावर शाई उडालेली असते तिथे तर नक्कीच. परत टाईप करण्यापेक्षा निम्म्या वेळात होतं, पण मूळ पान शेजारी ठेवून एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं, त्याशिवाय सोडू नका. बांधीव अंक स्कॅनरवर दाबून सपाट करू नका, शिवण सुटेल, वरून फोनने किंवा कॅमेऱ्याने फोटो काढा.

दादांच्या फायलींतली एखादी कथा आणि फॉन्टचं नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, एक कथा बदलून देतो, त्यावरून बाकीच्याला किती वेळ लागेल ते तुम्हाला कळेल.